एक्क्याण्णव टक्के

“सिस्टर, हात,” असं मागून कुणीतरी म्हणालं. ती थांबली नाही, कारण हे आपल्याला म्हटलं असेल असं तिच्या डोक्यातही आलं नाही. ते दोन शब्द त्या हॉस्पिटलात तिच्या मालकीचे होते. गेली सहा वर्षं ती ते दुसऱ्यांना म्हणत आली होती, कधी हसून, कधी दरडावून, कधी नुसती भुवई उचलून. काचेच्या पेटीची गोल खिडकी तिनं उघडली होती, उजवा हात मनगटापर्यंत आत गेला होता, आणि तिच्या लेकीची लेक, काल दुपारी पाच आठवडे घाई करून जगात आलेली, पावणेदोन किलोच्या अंगाचा सगळा जोर श्वासाला लावून वीतभर अंतरावर पडली होती. “सिस्टर, अहो, हात राहिले.” आता आवाज अगदी कानाशी आला आणि कुणीतरी तिचं कोपर हलकेच धरलं. बाळांच्या वॉर्डातली ती चष्मेवाली सिस्टर, नोकरीला लागून जेमतेम चार वर्षं झालेली. हात बाहेर आला. खिडकी बंद झाली. पलीकडच्या टेबलापाशी दूध मोजणाऱ्या दोघी वळल्या, आणि त्यातल्या एकीला हसू आवरेना. “अगं बाई, हातवाल्या सिस्टरच!” चष्मेवालीनं तिच्याकडे डोळे वटारले आणि मग वळून समजुतीच्या सुरात म्हणाली, “असू द्या हो. नात बघितल्यावर कुणाचंही असंच होईल.”

कुणी काही लिहून घेतलं नाही. ती बेसिनपाशी गेली आणि शिकवल्याबरहुकूम हात धुऊ लागली, तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं. कान तापले होते. पाण्याखाली हात धरून ती मनात मागे मागे जात राहिली. लिफ्टचं बटण. तीन दारांच्या मुठी. तापाच्या वॉर्डातला कागद अडकवलेला फळकुटाचा तुकडा. खिशातला फोन. स्वतःचं नाक, बहुधा दोनदा. एवढं सगळं ती आपल्या उजव्या हातावरून त्या पेटीत घेऊन निघाली होती. पण त्याहून तिला टोचत होतं ते चष्मेवालीचं वाक्य. कुणाचंही असंच होईल. किती सहज म्हणाली पोरगी. सहा वर्षांत आपण हे एकदा तरी कुणाला म्हणालो का, असं तिनं स्वतःला विचारलं, आणि उत्तर इतकं चटकन आलं की तिनं नळ जोरात सोडला.

संसर्ग रोखण्याचं काम तिच्याकडे आलं तेव्हा ती पंचेचाळीस वर्षांची होती. त्याआधी वीस वर्षं वॉर्डात काढलेली, पायांच्या शिरा फुगलेल्या. काम साधं होतं. कोपऱ्यात उभं राहायचं आणि मोजायचं. पेशंटला हात लावण्याआधी धुतले का, लावल्यावर धुतले का. शंभर वेळांतून किती वेळा. पहिल्या महिन्यात उत्तर आलं, शेहेचाळीस. डॉक्टर, सिस्टर, मावशा, सगळ्यांचं मिळून शेहेचाळीस. आणि त्यातल्या प्रत्येकाला विचारलं तर हात का धुवायचे हे तोंडपाठ. तेव्हा ती चक्रावली होती. मग तिला एका शिबिराला पाठवलं, सवय कशी लागते आणि लागलेली का टिकत नाही यावरच्या. तिथं एक म्हाताऱ्या बाई-डॉक्टर शिकवायच्या. त्या म्हणाल्या होत्या, माणूस कळल्यानं बदलत नाही. तसं असतं तर जगात एकाही डॉक्टरनं सिगारेट ओढली नसती. सगळे हसले होते, तीही हसली होती, वहीत ते वाक्य तिनं लिहून घेतलं होतं. पुढे त्या बाईंनी आणखीही सांगितलं होतं, की आधी त्या माणसाला विचारा त्याला कुठे अडतं, मग अडसर काढा, नाही तर तुम्ही आहात तोवरच तो तुमचं ऐकेल. तेही तिनं लिहिलं असणार. वॉर्डात परतल्यावर तिनं भित्तिपत्रकं लावली. ‘स्वतःला जपा, हात धुवा.’ काही फरक नाही. मग ‘तुमच्या पेशंटला जपा’ असं लावलं, तेव्हा आकडा थोडा हलला, तीन आठवडे टिकला आणि दमलेल्या माणसासारखा परत खाली बसला. हॉस्पिटलचे मोठे साहेब दर महिन्याला विचारायचे, “काय सिस्टर, तुमचे हात कुठवर आले?” त्यांना विनोद आवडायचा. आणि मग एके दिवशी तिनं प्रत्येक वॉर्डाच्या दाराशी एक पांढरा फळा लावला, आणि ज्यांनी हात धुतले नाहीत त्यांची नावं लाल पेननं त्यावर लिहायला सुरुवात केली.

बाळांच्या वॉर्डात एक मावशी होत्या. बावीस वर्षं त्याच वॉर्डात. बाळं पुसायची, वजनकाट्यावर ठेवायची, दूध पाजायला आईकडे न्यायची, रडणाऱ्या आईला धीराचे दोन शब्द सांगायचे, सगळं त्याच करायच्या. त्यांचं नाव फळ्यावर लागलं आणि पुसलंच जाईना. अकरा आठवडे लागोपाठ. तिनं दोनदा समज दिली. मावशी मान हलवायच्या आणि हात पदराखाली घ्यायच्या. मग वॉर्डातल्या सगळ्यांची बैठक होती, सकाळी, खुर्च्या कमी पडल्या म्हणून मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. “मावशी, हात दाखवा बरं,” ती म्हणाली. मावशींनी दाखवले नाहीत. तेव्हा तिनं पुढे होऊन त्यांचा हात ओढून वर केला, परीक्षेत कॉपी पकडल्यासारखा. लाल, सुजलेली बोटं, पेरांवर भेगा, दोन बोटांच्या टोकांना चिकटपट्टी गुंडाळलेली. तिनं तो हात पाहिला होता. हे ती पुढे कितीही विसरू म्हणाली तरी पाहिला होता. नर्स होती, त्या कातडीला काय झालंय हे कळायला तिला अर्धा क्षणही पुरेसा होता. पण सगळे बघत होते, आणि तोंडातून आलं ते असं, “या हातांनी लेकरांना हात लावता तुम्ही?” दुसऱ्या दिवशी मावशींनी स्वतःच अर्ज दिला आणि त्या तळघरात धुलाई विभागात गेल्या. त्या महिन्यात आकडा गेला एक्क्याण्णववर. मोठ्या साहेबांनी पेढे मागवावेत तसा आनंद केला. मग दुसऱ्या हॉस्पिटलांतून बोलावणी येऊ लागली. ‘बदल टिकतो कसा’ या नावाचं तिचं भाषण झालं, आणि त्यात ती मावशींचं नाव न घेता सांगायची, “एका कर्मचाऱ्याला वॉर्ड सोडावा लागला, आणि बाकीचे खडबडून जागे झाले.” पहिल्या रांगेतले लोक ते लिहून घ्यायचे.

पेटीत हात घातल्याच्या तिसऱ्या दिवशी नातीला ताप आला. बाळांच्या वॉर्डात महिन्याला चार-पाच बाळांना तो यायचा, जंतूंचा, बाहेरून गेलेल्या हातांचा. ते चार-पाच तिनं वर्षानुवर्षं एका रकान्यात लिहिले होते, आणि आता त्यांतलं एक तिच्या लेकीच्या पदराशी होतं; पावलाला सुई टोचलेलं, रडायचीही ताकद नसलेलं. लेक पेटीशेजारी स्टुलावर बसली होती, दोन दिवसांत डोळे खोल गेलेले. “आई,” ती म्हणाली, “कुणी हात न धुता लावला असेल का गं हिला?” हा प्रश्न तिच्या आईला विचारायचा नाही तर कुणाला? ती या गोष्टीची तज्ज्ञ. पेटीची खिडकी, मनगटापर्यंत आत गेलेला हात. बोट बाळाला लागलं होतं का? तिला आठवत नव्हतं. तेव्हापासून ती आठवत होती. “अगं, इथं एक्क्याण्णव टक्के लोक हात धुतात,” ती म्हणाली, “एवढे कुठेच धुत नाहीत.” लेकीनं सुस्कारा सोडला. तिच्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, “तू आहेस म्हणून बरंय बाई.”

तो आकडा खोटा आहे हे तिला माहीत होतं का? व्हरांड्यातून चालताना ती स्वतःशी याच प्रश्नाभोवती फिरत राहिली. माहीत होतं असं म्हणता येणार नाही. पण आकडा शेहेचाळीसवरून एक्क्याण्णववर गेला आणि तापाची बाळं मात्र होती तेवढीच राहिली, हे तिनं स्वतःच्या हातानं शेजारशेजारच्या रकान्यांत लिहिलं होतं. भाषणानंतर एका तरुण डॉक्टरनं नेमकं हेच विचारलं होतं, तेव्हा ती हसून म्हणाली होती की परिणाम दिसायला वेळ लागतो. त्या आकड्याला तीन वर्षं झाली होती. चुलीवर ठेवलेलं पाणी तीन वर्षं थंडच राहिलं तर बाई चुलीखाली वाकून बघते. ती वाकली नव्हती. वाकलं तर काय दिसेल याचा अंदाज असल्याशिवाय माणूस इतकं ताठ उभं राहत नाही. लिफ्ट आली, तिनं बटण दाबलं, आणि आपल्या खोलीच्या मजल्याऐवजी आपण तळघराचं बटण दाबलंय हे दार बंद झाल्यावर तिच्या लक्षात आलं.

धुलाई विभागात वाफ होती आणि यंत्रांचा असा आवाज की बोलायचं तर तोंड जवळ न्यावं लागे. मावशी लांब टेबलापाशी चादरी घड्या करत होत्या, आधीपेक्षा थोड्या जाड झालेल्या, केस पिकलेले. तिला पाहून त्यांनी घडी पुरी केली आणि मग म्हणाल्या, “या सिस्टर. इथं पण मोजायला आलात का?”

“नाही. तुमच्याकडेच आले.” मग काय बोलायचं हे ठरवलेलं नव्हतं. “हात कसे आहेत तुमचे?”

मावशींनी स्वतःच्या हातांकडे असं पाहिलं, जणू कुणी परगावच्या नातेवाइकाची चौकशी केली. “बरे आहेत. इथं रबरी मोजे देतात. आतून सुती घालते.”

“तेव्हा मला सांगितलं का नाही?”

“काय सांगणार? दाराशी हात चोळायला ठेवलेल्या त्या बाटलीतलं औषध लावलं की निखाऱ्यात हात घातल्यासारखं व्हायचं. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाल्या असतात, कातडीचा रोग आहे, लेकरांपासून लांब व्हा. बावीस वर्षं लेकरं हाताळलेली मी. म्हणून गप.” त्यांनी दुसरी चादर ओढली. “आणि हात मी धुवायचेच. मागच्या मोरीत, साध्या साबणानं. त्यानं आग जरा कमी व्हायची. तुम्ही पुढं दारातल्या बाटलीपाशी उभ्या असायच्या. मोरीत कोण बघतंय?”

अकरा आठवडे. कुणी बघत नसताना हात धुणारी त्या वॉर्डात कदाचित ही एकटीच बाई होती, आणि लाल पेनानं तिचंच नाव.

“मला एकदा विचारायचं तरी,” मावशी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. “तुम्ही नुसत्या खुणा करत होतात.” मग त्यांना एकदम हसू आलं. “वर तुम्हाला काय म्हणायचे माहितीये ना? मीटर. लिफ्टचं दार वाजलं की जी पहिली बघेल ती म्हणायची, ‘मीटर चालू झालं गं!’ की सगळ्या बाटलीवर. तुम्ही जायला वळून जिन्यापर्यंत पोचेस्तोवर मीटर बंद.”

तीही हसली. हसली, आणि आपण हसतोय हे ऐकून तिचं तोंड तसंच राहिलं. एक्क्याण्णव टक्के. ती नुसती स्वतःलाच मोजत होती, तीन वर्षं, आपण आत येतो तेव्हा किती जणी आपल्याला पाहतात ते. “मावशी, मी तुमची...” असं तिनं सुरू केलं, पण यंत्र थांबलं आणि एकाएकी इतकी शांतता झाली की पुढचे शब्द फार मोठे वाटले. तरी ती म्हणाली, “माफी मागायला आले. मी साहेबांशी बोलते. तुम्ही परत वर या.”

“नको,” मावशी लगेच म्हणाल्या. “वर सगळ्यांनी ते बघितलंय.” मग थोडं थांबून, “नात झाली म्हणे तुम्हाला.”

“ताप आलाय तिला.”

मावशींचा चेहरा बदलला. त्यांनी चादरीची दोन टोकं तिच्या हातात दिली आणि मागे सरकल्या. दोघींनी ती ताणली, जवळ आल्या, टोकं जुळवली, पुन्हा लांब गेल्या. माफी मिळाली की नुसतं काम मिळालं, हे तिला कळलं नाही, आणि विचारायचा हक्क आपल्याला नाही एवढं मात्र कळलं. ढीग संपेपर्यंत ती थांबली.

दुसऱ्या दिवशी तिनं गोदामात जाऊन बाटल्यांचा हिशेब काढला. वर्षभरात बाळांच्या वॉर्डात किती बाटल्या रिकाम्या झाल्या, एका वेळच्या धुण्याला किती औषध लागतं, आणि तेवढ्या काळात किती वेळा हात धुवायला हवे होते. हे कुणालाही, कधीही काढता आलं असतं. उत्तर आलं, शंभरातून अडतीस. मोठ्या साहेबांनी कागद दोनदा वाचला. “पुढच्या महिन्यात तपासणी आहे, सिस्टर.”

“म्हणूनच सांगतेय.”

“तुमचंच नाव खराब होणार आहे, कळतंय ना?”

“मग माझं नाव लिहा फळ्यावर,” ती म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिला ते वाक्य नाटकी वाटलं, भाषणात टाळ्या घेणारं. इथेही आपण टाळ्याच शोधतोय की काय, असं वाटून ती ओशाळली. साहेब विनोद करतील असं तिला वाटलं होतं, पण त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “फळे काढा,” ते म्हणाले. “बाकीचं बघू.”

लेकीला सांगणं राहिलं होतं. ताप उतरत आला होता, डॉक्टर म्हणाले होते आणखी आठवडा औषध, मग घरी. आता सांगायची गरज काय, असं तिचंच मन तिला म्हणत होतं, बाळंतिणीला कशाला त्रास. किती मायाळू झालं होतं मन. ती स्टुलाशेजारी जमिनीवरच बसली. “मी तुला एक्क्याण्णव म्हणाले ना, ते खोटं होतं. आणि जन्माच्या दुसऱ्या दिवशी मीच न धुता हात आत घातला होता. त्या चष्मेवालीनं थांबवलं.”

लेक पेटीकडे वळली. “बाळाला लागला होता?”

“आठवत नाही.”

“आठवत नाही म्हणजे?”

“म्हणजे खरंच आठवत नाही गं.”

लेकीनं तोंड फिरवलं. रडली नाही, ओरडली नाही. त्यानंतरचे कितीतरी दिवस ती आईशी फक्त कामापुरतं बोलली. दूध किती वाजता, कपडे कुठले. घरी गेल्यावरही बाळ तिच्या मांडीवर देण्याआधी लेक क्षणभर थांबायची. तिनं तेही सोसलं, म्हणजे सोसण्याशिवाय काही हातात नव्हतं.

मेट्रनकडून परवानगी काढून तिनं बाळांच्या वॉर्डात आठवडाभर साधी ड्युटी केली, कागद-पेन न घेता. सहा बाळांमागे एक सिस्टर. बाटली दाराशी आणि पेट्या भिंतीशी. एका हातात दुधाची वाटी, दुसऱ्या हातात ओला कपडा, मागून घंटा वाजतेय, समोरचं बाळ निळं पडतंय, तेव्हा दार एखाद्या गावाइतकं लांब वाटतं. दुपारपर्यंत तिच्या बोटांना चुरचुर सुटली. आपण किती वेळा विसरलो हे तिला सांगता आलं नसतं. वीस वर्षं तिनं हेच काम केलं होतं, आणि कोपऱ्यात उभी राहायला लागल्यावर पहिली गोष्ट कुठली विसरली असेल तर हीच. आठवड्यानं तिनं प्रत्येक पेटीला एक बाटली अडकवून घेतली, हाताला न झोंबणारं औषध मागवलं, ते यायला चार महिने लागले. वॉर्डातल्या बायका तिच्यावर चिडल्या होत्या. “एवढी वर्षं आमची नावं फळ्यावर, आणि आता वर्तमानपत्रात द्यायचं बाकी ठेवलंत,” एक तोंडावर म्हणाली. “तुमचं नाक वर होतं तोवर आमचं एक्क्याण्णव, तुमचं कापलं तर आमचं अडतीस.” भाषणांची बोलावणी बंद झाली. अडतीसचे त्रेचाळीस झाले, मग सत्तेचाळीस, मग एका महिन्यात पुन्हा चव्वेचाळीस. तापाची बाळं एका महिन्यात तीन आली. पुढच्या महिन्यात पुन्हा चार. ती दोन्ही रकाने शेजारशेजार लिहीत राहिली, आणि लिहिताना दर वेळी चेहऱ्यावरून ऊन जावं तसं काहीतरी गरम जायचं. वाटलं होतं, सांगून टाकल्यावर लाज कमी होईल. तसं काही झालं नाही. ती लाज फक्त उठून दिवसाउजेडी घरात वावरायला लागली, घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखी.

पाचव्या महिन्यातल्या एका दुपारी ती खोलीत एकटीच बसली होती. दार ढकलून चष्मेवाली आत आली आणि उभीच राहिली. ड्युटी संपलेली, केस विस्कटलेले. तक्रार असणार, असं वाटून ती सावरून बसली.

“सिस्टर,” चष्मेवाली म्हणाली, “आज मी तीनदा विसरले.”

तिचा हात सवयीनं पेनाकडे गेला. पेन उचललं गेलंही. पोरीची नजर त्या पेनावर गेली, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी मिटायला लागलेलं तिनं पाहिलं. तिनं पेन टेबलाच्या खणात टाकलं आणि खण बंद केला. तिला एवढंच दिसत होतं की या मुलीला कुणी पाहिलं नव्हतं, कुणी पकडलं नव्हतं, आणि तरी ती दोन मजले चढून आली होती.

“बस,” ती म्हणाली, आणि स्वतःची खुर्ची टेबलामागून काढून तिच्याजवळ नेली. “काय काय चाललं होतं गं तेव्हा?”